केसांचं औषध लागू पडतंय की नाही?

केसगळतीसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणाऱ्या माणसाची दुसरी-तिसरी भेट बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होते. "चार महिने झाले डॉक्टर, काहीच फरक नाही. बंद करू का?" प्रश्न अगदी रास्त आहे. दरमहा पैसे जातात, सकाळ-संध्याकाळ टाळूला चिकट द्रव लावायचा कंटाळा येतो. विशीतल्या मुलाला मागे सरकणारं कपाळ छळतं, लग्नाचं बघत असलेल्या मुलीला रुंद होत चाललेला भांग. एवढं करूनही आरशात काही दिसत नसेल, तर माणूस वैतागणारच.

तरीही या प्रश्नाला चटकन हो किंवा नाही म्हणता येत नाही. केसांच्या बाबतीत औषधाचा खरा परिणाम आणि डोळ्यांना दिसणारा परिणाम यांत फार अंतर असतं. त्यामुळे मला एक गोष्ट वारंवार दिसते आणि खटकते. ज्या औषधांमागे भक्कम पुरावा आहे, ती लोक फार लवकर सोडतात. ज्यांच्यामागे काहीच नाही, ती मात्र वर्षानुवर्षं चालू ठेवतात.

आधी केसाचं वेळापत्रक पाहू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं चक्र वेगळं चालतं. वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा, मग दोन-तीन आठवड्यांचा आवराआवरीचा टप्पा, त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांती. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. म्हणूनच रोज ५० ते १०० केस निरोगी माणसाचेही गळतात. वाढणारा केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर पुढे सरकतो. औषधाने एखादं मूळ आज जागं केलं, तरी केस त्वचेबाहेर यायला काही आठवडे जातात आणि भांग झाकण्याइतका लांब व्हायला कित्येक महिने. त्यातच टाळूवरची घनता जवळजवळ निम्मी होईपर्यंत बहुतेकांना विरळपणा जाणवतच नाही. जी नजर नुकसान इतकं उशिरा टिपते, ती थोडी सुधारणा तरी कशी टिपणार?

आता सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या औषधाकडे येऊ. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. अमेरिकेत १९७९ मध्ये तिला मान्यता मिळाली. ती घेणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढू लागले. या दुष्परिणामाचाच उपयोग करून घेत टाळूवर लावायचं २ टक्क्यांचं द्रावण तयार झालं आणि १९८८ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी मंजूर झालं. पुढे ५ टक्क्यांचं आलं. पुरुषांवरच्या ४८ आठवड्यांच्या एका चाचणीत त्याने २ टक्क्यांच्या द्रावणापेक्षा ४५ टक्के जास्त केस उगवले.

पण या औषधाची सुरुवातच माणसाला घाबरवणारी असते. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत अनेकांचे केस आधीपेक्षा जास्त गळतात. विश्रांतीत असलेली मुळं औषधाने वेळेआधी कामाला लागतात आणि नवा केस जुन्याला बाहेर ढकलतो, म्हणून असं होतं. न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंता दिसला की माणूस बाटली फेकून देतो. नेमका तेव्हा औषधाने परिणाम दाखवायला आरंभ केलेला असतो. सगळ्यांनाच ही वाढीव गळती होते असं नाही. पण ती होऊ शकते हे पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं पाहिजे. गर्दीच्या दवाखान्यात ते राहून जातं आणि औषधावरचा विश्वास तिथेच उडतो.

दुसरी गोष्ट बाटलीची. मिनॉक्सिडिलच्या नेहमीच्या बाटलीत ६० मिलिलिटर द्रव असतो. पुरुषांना सांगितलेली मात्रा बहुधा एका वेळी १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा. म्हणजे बाटली बरोबर महिनाभर पुरायला हवी. ती दोन-अडीच महिने पुरत असेल, तर सांगितलेल्या औषधाचं फार तर निम्मं डोक्यावर गेलेलं आहे. स्त्रियांना पुष्कळदा दिवसातून एकदाच लावायला सांगतात, तिथे हिशोब त्याप्रमाणे बदलेल. जे लावलं तेही कुठे लागलं, हे पाहायला हवं. औषध केसांना नाही, त्वचेला लागलं पाहिजे. केस बाजूला सारून, कोरड्या टाळूवर, आणि लावल्यावर निदान चार तास डोकं न धुता. घाईघाईत वरवर फवारा मारला की बरंचसं औषध केसांवरच वाळतं. औषध निकामी ठरवण्याआधी गेल्या सहा महिन्यांत किती बाटल्या घेतल्या हे मेडिकलच्या बिलांवरून मोजावं. पुष्कळांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

सगळं नीट करूनही मिनॉक्सिडिल काहींना लागू पडत नाही, हेही खरं आहे आणि त्याचं कारण ठाऊक आहे. बाटलीतलं मिनॉक्सिडिल जसंच्या तसं काम करत नाही. केसाच्या मुळाशी असलेलं सल्फोट्रान्स्फरेज नावाचं विकर त्याचं मिनॉक्सिडिल सल्फेटमध्ये रूपांतर करतं आणि केसावर परिणाम होतो तो या सल्फेटचा. हे विकर कोणात भरपूर असतं, कोणात अगदी थोडं. ज्याच्यात थोडं आहे, त्याने वर्षभर इमानेइतबारे औषध लावूनही हाती फारसं लागणार नाही. त्यात त्याची काही चूक नसते. अशा माणसाला "आणखी थोडे दिवस लावून बघ" असं सांगत राहणं अन्यायाचं आहे. म्हणून मुदत हवी. साधारण चार महिन्यांनी फरकाची पहिली चिन्हं, सहा महिन्यांनी अंदाज आणि बारा महिन्यांनी निकाल. तेवढा वेळ पुऱ्या मात्रेत औषध वापरूनही घसरण चालूच असेल, तर ते बंद करायला हरकत नाही.

फिनास्टेराइड या गोळीची गोष्ट वेगळी आहे. 'फरक नाही' म्हणजे नक्की काय, हे तिच्यावरून जितकं स्पष्ट कळतं तितकं दुसऱ्या कशावरून नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास या गावात काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांची शरीरं पुरुषाची होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी त्यांचा अभ्यास करून १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे अधिक प्रभावी संप्रेरक बनवणारं विकर या मुलांमध्ये कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि कपाळावरचे केस मागे हटत नसत. हेच विकर अडवणारी गोळी म्हणजे फिनास्टेराइड. १९९२ मध्ये ती प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमच्या मात्रेत आली आणि १९९७ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या.

तिच्या मुख्य चाचण्यांत १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष होते. डोक्याच्या मागच्या विरळ भागावर एक इंच व्यासाचं वर्तुळ आखून त्यातले केस मोजले. सुरुवातीला सरासरी ८७६ केस होते. काहींना गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. पुढे वाढवलेल्या अभ्यासात पाच वर्षांनी पुन्हा मोजणी झाली. औषध घेणाऱ्यांचे त्या वर्तुळात सरासरी ३८ केस वाढले होते.

पाच वर्षं रोज गोळी घेऊन ३८ केस. आठशे शहात्तरांत अडतीस कुणाच्या डोळ्यांत भरणार? असा माणूस आरशापुढे उभा राहून "काही उपयोग नाही" म्हणाला, तर त्याला दोष देता येणार नाही. पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे त्याच वर्तुळातले २३९ केस तोवर गेले होते, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. दोन गटांतला फरक २७७ केसांचा. फोटो पाहून तज्ज्ञांनी दिलेला कौलही तसाच होता. औषधाच्या गटात ४८ टक्के पुरुषांचे केस वाढलेले दिसले, ४२ टक्क्यांचे होते तसेच राहिले आणि १० टक्क्यांचे कमी झाले. दुसऱ्या गटात ७५ टक्क्यांचे कमी झाले.

ते ४२ टक्के लोक माझ्या डोळ्यांसमोरून हटत नाहीत. औषधाने त्यांचे केस राखले आणि त्यांना मात्र "काहीच फरक नाही" असंच वाटत असणार. आनुवंशिक टकलात तुलना कालच्या स्वतःशी करून भागत नाही. औषध न घेता आज आपण कसे दिसलो असतो, त्याच्याशी ती करावी लागते आणि ते रूप आरशात कधीच दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी औषध लिहून देताना "केस येतील" एवढंच न सांगता "आहेत ते टिकणं हेही यश आहे" हे स्पष्ट सांगायला हवं. उरलेल्या १० टक्क्यांनाही विसरून चालणार नाही. गोळी घेऊनही त्यांचे केस जात राहिले.

फिनास्टेराइडच्या बाबतीत वाट पाहण्याला एक मोठा अपवाद आहे. काही थोड्या पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होते किंवा ताठरतेचा त्रास होतो. गोळी बंद केल्यावरही हा त्रास राहिल्याच्या नोंदी आहेत आणि औषधाच्या माहितीपत्रकात तसं नमूद आहे. नैराश्यही येऊ शकतं आणि आत्महत्येचे विचार हाही दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये मान्य केलं. असं काही जाणवलं तर वर्ष पुरं होण्याची वाट पाहायची नाही. गोळी थांबवावी आणि डॉक्टरांना भेटावं. केस किती वाचले हा विचार तेव्हा दुय्यम. गर्भवती स्त्रीने तर या गोळीचा चुराही हाताळू नये.

इथवरचं सगळं आनुवंशिक टकलाबद्दल झालं. पण रोगनिदानच चुकलेलं असेल, तर मुदतीचे हे हिशोब फोल आहेत. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, किंवा महिनाभरात दहा किलो उतरवण्याचा अट्टहास, यांतलं काही झालं की असंख्य केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने गळतात. वैद्यकात याला टेलोजेन एफ्लूव्हियम म्हणतात. हे नाव १९६१ मध्ये अल्बर्ट क्लिगमन यांनी दिलं. मूळ कारण दूर झालेलं असेल तर ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. होतं काय, की गळती अगदी भरात असताना माणूस कुठलंतरी तेल आणतो. दोन महिन्यांत गळती थांबते. ती तशीही थांबणारच होती, पण श्रेय तेलाला जातं. मग ते तेल मोठ्या आपुलकीने मावसभावाला दिलं जातं. त्याचं टक्कल वडिलांकडून आलेलं असतं, तिथे त्या तेलाचा उपयोग शून्य. तरी तो लावत राहतो, कारण घरात एकाला गुण आलेला त्याने स्वतः पाहिलेला असतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात २०२४ संपून २०२५ सुरू होताना जे घडलं, ते निदानाचं महत्त्व पटवायला पुरेसं आहे. काही गावांत लहानथोरांचे केस अवघ्या काही दिवसांत झडले. आधी बुरशीचा संसर्ग म्हणून शंका घेतली गेली, पाण्याकडेही बोट दाखवलं गेलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासात रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आढळलं आणि रुग्णांच्या रक्तात जस्त कमी. अशा वेळी डोक्याला काय लावता याने काहीच फरक पडत नाही. ताटातला गहू बदलावा लागतो.

सेलेनियमवरून आणखी एक सांगायला हवं. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत सेलेनियम आणि जीवनसत्त्व 'अ' असतं. दोन्ही गरजेपेक्षा जास्त झाली तर केस गळतात. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ आहे, पण जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या चाचण्यांत घोळ घालतं. थायरॉइडचे आकडे चुकतात आणि हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिन चाचणी खोटी दिलासादायक येऊ शकते. अमेरिकेच्या नियामकांनी २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. तेव्हा "लागू पडत नाही, पण अपायही नाही, चालू राहू दे" असं या गोळ्यांबद्दल म्हणता येत नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्यावं. कमतरता निघाली तर ती भरून काढावी, नाही निघाली तर गोळ्या बंद कराव्यात.

चाई पडते तेव्हा नाण्याएवढ्या गोल जागेतले केस जातात. छोटी चाई वर्षभरात पुष्कळदा आपोआप भरून येते, त्यामुळे तिथेही कुठल्याही लेपाला फुकटचं श्रेय मिळतं. सगळं डोकं व्यापणाऱ्या चाईसाठी बॅरिसिटिनिबसारखी औषधं आली आहेत. त्याला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच्या चाचण्यांचा निकाल ३६ आठवड्यांनी मोजला होता. तेव्हा दोन महिन्यांत निराश होण्याचं कारण नाही.

एका प्रकारात मात्र धीर धरणं महागात पडतं. टाळू जळजळते, खवले येतात, गळलेल्या जागी त्वचा गुळगुळीत, चकचकीत होते आणि केस उगवायची बारीक छिद्रंच दिसेनाशी होतात. ही व्रण मागे ठेवणारी केसगळती. दाहामुळे मूळच मरतं, मेलेलं मूळ परत येत नाही. इथे उपचार लागू पडत नसेल तर "अजून सहा महिने बघू" म्हणू नये. टाळूची ट्रायकोस्कोपी म्हणजे भिंगातून तपासणी, गरज पडल्यास त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी, हे लगेच करून घ्यावं.

मोजायचं कसं, हाही प्रश्न आहेच. उशीवरचे आणि कंगव्यातले केस मोजून काही कळत नाही. तीन दिवसांनी डोकं धुतलं तर तीन दिवसांचे गळालेले केस एकदम हातात येतात आणि जीव दडपतो. फोटो काढावेत, पण शिस्तीने. उपचाराच्या पहिल्या दिवशी एकदा आणि नंतर दर तीन महिन्यांनी. तीच भिंत, तोच उजेड, कोरडे केस, भांग त्याच जागी, हनुवटी छातीला टेकवून वरून एक, कपाळाचा समोरून एक, मागच्या भोवऱ्याचा एक. फोटो दुसऱ्या कुणीतरी काढावेत. मधल्या काळात ते उघडून पाहू नयेत. वर्षाने पहिला आणि शेवटचा फोटो अशा माणसाला दाखवावा ज्याला कुठला आधीचा हे माहीत नाही. त्याला फरक ओळखता आला नाही आणि वडिलांचं तुमच्या वयात टक्कल पडलेलं होतं, तर औषध बहुधा काम करतंय.

पॅकेजबद्दल मला राग आहे आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. शहरातल्या अनेक केसांच्या क्लिनिकमध्ये वर्षभराचे पैसे आधीच भरून घेतात. मग गुण नसला तरी माणूस जात राहतो, कारण पैसे वाया जातील. पैसे तर गेलेलेच असतात. पुढची बैठक घ्यायची की नाही हे ठरवताना तिच्यातून पुढे काय मिळणार एवढंच विचारावं. आपल्या औषध नियमांची 'अनुसूची जे' नावाची एक यादी आहे. जे आजार बरे करण्याचा दावा औषध विकताना करता येत नाही, त्यांची ती यादी आणि तिच्यात टक्कल आहे. नवे केस उगवण्याचा दावाही आहे. तेव्हा कुणी हमीपत्र पुढे केलं तर तिथून उठावं. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्स टाळूत टोचण्याचा पीआरपी उपचार काहींना उपयोगी पडतो, पण त्यावरचे अभ्यास लहान आहेत आणि प्रत्येक जागी तो करण्याची पद्धत वेगळी. सहा महिन्यांत फोटोत काही दिसलं नाही तर आणखी पैसे घालू नयेत.

बंद करण्याऐवजी बदल करणं हा मार्ग पुष्कळदा विसरला जातो. द्रवाने खाज सुटत असेल तर त्यातलं प्रोपिलीन ग्लायकॉल हे कारण असू शकतं. ते नसलेला फोम मिळतो. लावायचाच कंटाळा येत असेल तर डॉक्टर अगदी कमी मात्रेत मिनॉक्सिडिलची गोळी देतात. ब्राझीलमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५ मिलिग्रॅमची गोळी लावायच्या औषधापेक्षा सरस ठरली नाही. पण जो माणूस लावतच नाही, त्याच्यासाठी तिचा उपयोग आहे. पायांवर सूज, छातीत धडधड, चेहऱ्यावर लव हे तिचे त्रास. म्हणून ती मनाने सुरू करू नये.

औषध काम करत असूनही ते सोडायचं, असाही निर्णय कुणी घेऊ शकतो. रोजची कटकट नको, डोकं बारीक करून मोकळं व्हावं, असं वाटणाऱ्याला घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी भरीस पाडू नये.

सोडताना दोन औषधं एकदम थांबवू नयेत. एक थांबवून सहा महिने पाहावं, नाहीतर कशाचा उपयोग होत होता हे कधीच कळणार नाही. मिनॉक्सिडिल थांबवल्यावर तीन ते सहा महिन्यांत त्याने राखलेले केस जातात. तेवढ्यापुरती गळती जोराची वाटते आणि "औषधाने उलट वाट लागली" असा समज होतो. प्रत्यक्षात डोकं औषधाविना जिथे पोचलं असतं, तिथेच येतं. फिनास्टेराइड घेणाऱ्यांनी शेवटच्या गोळीनंतर निदान एक महिना रक्तदान करू नये. आणि पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए चाचणी करायची असेल, तर आपण ही गोळी घेतो किंवा नुकतीच सोडली आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. ती चालू असताना पीएसएचा आकडा जवळपास निम्मा दिसतो.